चौथी बाजू : घरगुती पाळणाघरे, परसातील तलाव आणि कुंपणाचा कायदा

१/
परसातल्या पोहण्याच्या तलावाभोवती कुंपण असावे, याविषयी आज सहसा वाद होत नाही. वाद होतो तो निराळ्याच प्रश्नावर : कुंपण किती बाजूंनी असावे, तीन की चार? या प्रश्नावर कायदे बदलले आहेत आणि एका राज्याच्या सरकारला दोन वर्षांत माघारही घ्यावी लागली आहे. ज्या घरांत दुसऱ्यांची मुले दिवसभर सांभाळली जातात, त्या घरांपुरता तर हा प्रश्न मुलांच्या जिवाचाच ठरला. हा धागा त्या चौथ्या बाजूच्या इतिहासाचा आहे.

२/
प्रारंभ एका कलमापासून करू. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने १९९० साली घरगुती तलावांच्या कुंपणाचा कायदा केला. कुंपण किमान पाच फूट उंच हवे, फाटक आपोआप मिटणारे हवे, अशा त्यातील अटी आहेत. त्याचबरोबर एक सवलतही आहे : ज्या घरातील सर्व रहिवासी किमान सहा वर्षांचे आहेत, त्या घराला हे कलम लागू होत नाही.

३/
सवलत वाचताना वाजवी वाटते. घरात लहान मूलच नसेल, तर कुंपणाचा खर्च कशासाठी? आता एखादे निवृत्त दांपत्य डोळ्यांसमोर आणावे. त्यांची स्वतःची मुले मोठी होऊन दूर गेलेली. आजी रोज सकाळी आठ वाजल्यापासून शेजारपाजारची चार मुले सांभाळते आणि त्याचे पैसे घेते. ही मुले त्या घराची ‘रहिवासी’ नव्हेत. याच राज्यात चार मुलांपर्यंत घरी सांभाळण्यास राज्याचा परवानाही लागत नाही. परवान्याचा प्रश्न पाचव्या मुलापासून सुरू होतो. शहरांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात. परंतु राज्याच्या कायद्याच्या नजरेत ही चार मुले दिवसभर त्या घरात असूनही नसल्यासारखीच.

४/
कायदा करणाऱ्यांना हे दिसले नाही, असे म्हणून विषय संपत नाही. कायद्याने मुलाकडे पाहण्याची एक जागा फार पूर्वीच ठरवून ठेवली होती आणि ती जागा कुंपणाबाहेर, रस्त्यावर होती. ते समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील रेल्वेकडे जावे लागते.

५/
नेब्रास्का राज्यात इंजिन वळवण्यासाठी रेल्वे कंपनीचा एक फिरता चबुतरा होता. त्याला ना कुलूप, ना राखणदार. सहा वर्षांचा एक मुलगा मित्रांसोबत तेथे खेळायला गेला. चबुतरा फिरवताना त्याचा पाय सापडून चिरडला गेला. मुलगा कंपनीच्या जागेत विनापरवाना शिरलेला होता आणि आगंतुकाच्या इजेला जमीनमालक जबाबदार नाही, हा त्या काळचा रूढ न्याय. तरीही १८७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. धोकादायक वस्तू मुलांना खेळणे वाटेल अशा रीतीने उघडी टाकली, तर ‘मूल आगंतुक होते’ एवढे म्हणून सुटका नाही, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. पुढे त्याला ‘आकर्षक उपद्रव’ अशा अर्थाचे नाव मिळाले.

६/
या तत्त्वाची कसोटी पाण्यावरही लागली. कॅन्सस राज्यातील आयोला गावाजवळ एका रसायन कंपनीने कारखाना पाडला, पण त्याचे तळघर तसेच ठेवले. त्यात पाणी साचले. वरून नितळ दिसणारे ते पाणी गंधकाम्लाने विषारी झालेले होते. १९१६ च्या उन्हाळ्यात आठ व अकरा वर्षांचे दोन भाऊ त्यात उतरले आणि दोघेही दगावले. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स. त्यांचा युक्तिवाद असा की ते पाणी रस्त्यावरून दिसत नव्हते. त्यामुळे त्यानेच मुलांना जागेत ओढून आणले, असे म्हणता येत नाही. सरन्यायाधीश टाफ्ट यांच्यासह तीन न्यायाधीश या मताशी सहमत नव्हते.

७/
होम्स यांचा तो निकाल आज वाचताना निर्दय वाटतो, आणि तो तसा आहेच. १९३४ साली विधिज्ञांनी या विषयाची जी सूत्रबद्ध मांडणी केली, तीत रस्त्यावरून दिसण्याची अट गळून पडली. तथापि एक गृहीतक दोन्ही बाजूंना मान्य राहिले : संकटात सापडणारे मूल बाहेरून येते. ते शेजारचे, रस्त्यावरचे, भिंत ओलांडून आलेले असते. अशा मुलाला रोखायचे, तर कुंपण कोठे घालायचे? साहजिकच जमिनीच्या हद्दीवर.

८/
आता तलावांकडे वळू. परसात तलाव असणे ही दीर्घकाळ अतिश्रीमंतांची चैन होती. इतिहासकार जेफ विल्ट्सी यांनी दिलेल्या आकड्यांनुसार १९५० साली अमेरिकेत जमिनीत बांधलेला घरगुती तलाव सुमारे २,५०० कुटुंबांकडे होता. १९९९ पर्यंत हा आकडा ४० लाखांवर गेला.

९/
या वाढीमागे तंत्र आहे आणि समाजही. तंत्राची गोष्ट गमतीची आहे. नळीतून दाबाने सिमेंटचा मारा करणारे यंत्र कार्ल एकली यांनी काढले. ते संग्रहालयासाठी मृत प्राण्यांचे हुबेहूब पुतळे घडवण्याच्या कलेतील नामवंत. शिकागोच्या संग्रहालयाच्या इमारतीच्या भिंती लिंपताना त्यांना ही युक्ती सुचली आणि १९११ मध्ये पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर याच तंत्राने खड्ड्याच्या कडांवर थेट काँक्रीट फवारून तलाव बांधता येऊ लागले. लाकडी साचे नकोत, आकाराचे बंधन नको, खर्चही आवाक्यात.

१०/
समाजाची गोष्ट तितकी गमतीची नाही. सार्वजनिक तलाव कृष्णवर्णीयांना खुले होऊ लागले, तसे अनेक श्वेतवर्णीयांनी त्यांकडे पाठ फिरवली. काही नगरपालिकांनी तर सर्वांना एकत्र पोहू देण्यापेक्षा तलावच बंद केले. उपनगरातील परसदारी तलाव वाढण्यामागे हेही एक कारण असल्याचे विल्ट्सी दाखवून देतात. पाहणारे जीवरक्षक, तिकीटघर आणि ठराविक वेळा असलेल्या सार्वजनिक जागेतून पाणी अशा रीतीने स्वयंपाकघराच्या दारापाशी आले. जीवरक्षकाच्या जागी उरली आई.

११/
त्याच दशकांत आया कामावर जाऊ लागल्या होत्या. महायुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी पाळणाघरांना पैसा पुरवला; १९४६ मध्ये तो आटला आणि बहुतेक केंद्रे बंद पडली. कॅलिफोर्नियाने स्वतःच्या खर्चाने आपली केंद्रे चालू ठेवली, हा अपवाद. इतरत्र गरज राहिली, सोय गेली. ती पोकळी शेजारणींनी भरून काढली. पोर्टलंड शहरात १९६० च्या दशकात संशोधकांनी शेजारीपाजारी चालणाऱ्या अशा सांभाळाचा बारकाईने अभ्यास केला. सरकारी दप्तरात नोंद नसलेली ही व्यवस्था गल्लोगल्ली उभी आहे, हे अशा अभ्यासांतून पुढे आले.

१२/
पुढे राज्यांनी या व्यवस्थेला परवान्याच्या चौकटीत आणले. चौकट आखताना कॅलिफोर्नियाने एक भूमिका जाणीवपूर्वक घेतली : घरगुती पाळणाघर हे आधी घर आहे, धंद्याची जागा नंतर. मुलांना संस्थेत नव्हे, घरासारख्या वातावरणात वाढता यावे, म्हणून नगरपालिकांनी अशा घरांना निवासी वापरच मानावे, असे राज्याने ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने मोठ्या घरगुती पाळणाघरांनाही हेच संरक्षण मिळाले. धोरण म्हणून यात चूक काढणे कठीण आहे. परंतु घर ‘घर’च राहते म्हटल्यावर परसातला तलावही तेथेच राहतो.

१३/
आता या कथेतील सर्वांत महत्त्वाच्या कागदाकडे. १९८७ साली अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कॅलिफोर्निया, ॲरिझोना व फ्लोरिडा येथील पाच वर्षांखालील मुलांच्या तलावातील अपघातांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातील निष्कर्ष सावकाश वाचावेत असे आहेत.
मूल शेवटचे दिसले, त्यानंतर पाच मिनिटांच्या आत नाहीसे झाले, अशा घटना ७७ टक्के.
मूल त्या वेळी तलावापाशी असेल अशी कोणाचीही कल्पना नव्हती, अशा ६९ टक्के.
मूल शेवटचे घराच्या आत दिसले होते, अशा ४६ टक्के.
आणि ६५ टक्के घटना मुलाच्या स्वतःच्या घरच्या तलावात.

१४/
शंभर वर्षांचे गृहीतक या चार ओळींनी उलटे केले. बुडणारे मूल भिंत ओलांडून आलेले नव्हते. ते स्वयंपाकघरात होते, टीव्हीसमोर होते, किंवा झोपले आहे असे समजले जात होते. बहुतेक प्रसंगी त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणी ना कोणी घरात होतेच. म्हणजे निष्काळजी आईबापांची गोष्ट सांगून हे आकडे मिटवता येत नाहीत.

१५/
यात मराठी वाचकाला, किंबहुना कोणालाही, सर्वांत अनपेक्षित वाटणारी बाब म्हणजे शांतता. बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, अशी आपली समजूत चित्रपटांनी करून दिली आहे. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास खऱ्या घटनांचे चित्रीकरण करून दाखवले की बुडणारा सहसा ओरडू शकत नाही. तोंड पाण्यावर येते ते श्वास घेण्यापुरते. ही धडपड २० ते ६० सेकंद टिकते. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. तोल गेला की ते डोक्याकडूनच पाण्यात जाते आणि त्याला सावरता येत नाही. शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाला काहीही ऐकू न येणे हीच यातली नेहमीची गोष्ट आहे.

१६/
हे पाच मिनिटांचे गणित पाळणाघरात मांडून पाहावे. कॅलिफोर्नियात लहान घरगुती पाळणाघरात एका प्रौढ व्यक्तीकडे सहा मुले असू शकतात, काही अटींवर आठ. एका बाळाचे दुपटे बदलायचे, दुसऱ्याला भरवायचे, दारात आलेल्या पालकाशी दोन शब्द बोलायचे. यांपैकी कोणतेही काम हलगर्जीपणा नव्हे. त्यासाठीच तर तिला पैसे मिळतात. परंतु यांपैकी प्रत्येक काम दोन-तीन मिनिटे खाते आणि त्या वेळात उरलेल्या पाच जणांवर नजर नसते. आईने आपल्या एका मुलामागे राहावे, या कल्पनेवर बेतलेली ‘देखरेख’ येथे संख्येनेच कोलमडते.

१७/
मग उपाय काय? तो सापडला ऑस्ट्रेलियात. ब्रिस्बेनमधील बालरोगतज्ज्ञ जॉन पर्न आणि त्यांचे सहकारी जिम निक्सन यांनी १९७० च्या दशकात शहरातील बुडण्याच्या घटनांची पद्धतशीर नोंद केली. त्याच शहरातील पिट व बलांडा यांच्या १९९१ च्या अभ्यासाने आकडा दिला : कुंपण नसलेल्या तलावात मूल बुडण्याचे प्रमाण कुंपण असलेल्या तलावाच्या ३.७६ पट.

१८/
परंतु निर्णायक तुलना कुंपण असणे-नसणे ही नव्हतीच. तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घराची भिंत, ही एक रचना. तलावाला चारही बाजूंनी वेढून घरापासूनही तोडणारे कुंपण, ही दुसरी. पहिल्या रचनेत शेजारचे मूल अडते. घरातले मूल मागचे दार उघडून थेट काठावर येते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील अभ्यासांची एकत्रित छाननी १९९८ मध्ये थॉम्पसन व रिव्हारा यांनी प्रसिद्ध केली. चारही बाजूंच्या कुंपणाने बुडण्याची शक्यता तीन बाजूंच्या कुंपणाच्या तुलनेत सुमारे ८३ टक्क्यांनी कमी दिसली.

१९/
आणि लॉस एंजेलिस परगण्याची नेमकी उलटी साक्ष आहे. तेथे कुंपणाचे स्थानिक नियम होते. १९९० ते १९९५ या वर्षांतील बालमृत्यू तपासल्यावर संशोधकांना या नियमांचा लाभ आढळला नाही. कारण शोधायला दूर जावे लागत नाही : ते नियम घराच्या भिंतीला चौथी बाजू मानत होते. नियम अस्तित्वात होता, कुंपणही होते. दार मात्र तलावाकडेच उघडत होते.

२०/
पुरावा एकीकडे, मतदार दुसरीकडे. न्यू साउथ वेल्सने १९९० साली कायदा करून जुन्या तलावांनाही घरापासून तोडणारे कुंपण सक्तीचे केले. तलावमालक खवळले. बागेचे सौंदर्य बिघडते, खर्च परवडत नाही, आमची मुले मोठी झाली, आमच्या घरात सरकारने का डोकवावे, असे आक्षेप निघाले. १९९२ च्या नव्या कायद्यात सरकारने माघार घेतली. १ ऑगस्ट १९९० पूर्वीच्या तलावांना घराची भिंत चौथी बाजू म्हणून चालेल. दारे-खिडक्या मुलांना उघडता येणार नाहीत अशा केल्या की पुरे.

२१/
क्वीन्सलंडने १९९१ पासून राज्यभर कुंपण सक्तीचे केले, तरी वेगवेगळ्या काळातील तलावांना वेगवेगळे नियम लागू राहिले. त्यांचा गुंता २००९ पासून टप्प्याटप्प्याने सोडवून ३० नोव्हेंबर २०१५ पर्यंत सर्व तलाव एकाच मानकाखाली आणले गेले. त्या मानकात एक वाक्य या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे : उघड्यावरील तलावासाठी ‘मुलांना न उघडता येणारे दार’ हा कुंपणाचा भाग मानला जाणार नाही. चौथी बाजू बंद करायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली.

२२/
दारावर इतका अविश्वास कशासाठी, असे वाटू शकेल. कुंपणाचे फाटक ओलांडण्याचे कारण एकच असते, पोहायला जाणे. घराचे मागचे दार दिवसातून पंचवीसदा उघडते : कपडे वाळत घालायचे, कुत्र्याला बाहेर काढायचे, वारा घ्यायचा. प्रत्येक वेळी ते पूर्ण मिटेल आणि कडी बसेल, या भरवशावर मुलाचा जीव ठेवायचा काय, एवढाच प्रश्न होता. पाळणाघरात तर त्या दारातून मोठी मुले सतत खेळायला ये-जा करतात.

२३/
कुंपणाच्या मानकातील मोजमापेही मुलाचे शरीर पाहून ठरली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मानकानुसार उंची १,२०० मिलिमीटर, कारण त्याहून उंच अडथळा लहान मुलाला सहसा चढता येत नाही. उभ्या गजांतील फट १०० मिलिमीटरच्या आत, म्हणजे डोके जाऊ नये. चढायला पाय ठेवता येईल असे काहीही कुंपणालगत ९०० मिलिमीटरच्या पट्ट्यात नको. फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला, बाहेर उघडणारे. कारण कडी नीट लागली नसेल आणि मुलाने ढकलले, तर ते उघडण्याऐवजी मिटावे. कायद्याच्या रुक्ष भाषेत इतके मायेचे तपशील क्वचित सापडतात.

२४/
कॅलिफोर्नियाकडे परत येऊ, कारण पाळणाघर आणि तलाव यांची गाठ तेथेच सर्वांत स्पष्ट दिसते. राज्याने १९९६ साली तलाव सुरक्षा कायदा केला. तो १९९८ पासून लागू झाला. नव्या तलावाला ठराविक सुरक्षासाधनांपैकी किमान एक हवे, असे त्यात होते. तोडणारे कुंपण, सुरक्षित आच्छादन, दारावरचा भोंगा, आपोआप मिटणारे दार, यांतून मालकाने निवडावे. एक साधन पुरत नाही हे ध्यानी आल्यावर २०१७ साली दुरुस्ती झाली आणि २०१८ पासून सात साधनांपैकी दोन बंधनकारक झाली.

२५/
आता याच कायद्यातील एक लहानसे कलम. समाजसेवा खात्याच्या नियंत्रणाखालील कोणत्याही जागेला हा कायदा लागू नाही, ती जागा चालकाचे स्वतःचे राहते घर असले तरीही. तेथील तलावाचे काय करायचे ते खात्याने आपल्या नियमांनी ठरवावे.

२६/
म्हणजे शेजारी-शेजारी दोन घरे. एकात फक्त कुटुंब राहते. त्याला विधिमंडळाचा कायदा लागू. दुसऱ्यात परवानाधारक पाळणाघर. त्याला खात्याचे नियम लागू. खात्याचे नियम ढिले होते असे मुळीच नाही. कुंपण किमान पाच फूट, त्यातून तलाव दिसला पाहिजे, फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडणारे व आपोआप मिटून कडी लागणारे, कडी वरच्या टोकापासून सहा इंचांच्या आत. नाहीतर प्रौढ माणसाचे वजन पेलेल असे कुलूपबंद आच्छादन. परंतु २०१८ मध्ये साध्या घरांसाठी ‘एक नव्हे, दोन’ हे तत्त्व आले, तेव्हा त्या कलमामुळे ते पाळणाघरांना लागू झाले नाही. अधिक मुले असलेले घर कायद्याच्या सुधारणेतून वगळले गेले.

२७/
ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन होजे शहरातील एका घरगुती पाळणाघरात दोन चिमुकल्या मुली तलावात बुडून मरण पावल्या. तिसरे मूल वाचले. सॅन होजे व भोवतालच्या परिसरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आईवडील दोघेही नोकरीत, आजी-आजोबा सात समुद्रांपलीकडे. अशा कुटुंबांची मुलेही घरगुती पाळणाघरांतच वाढतात, म्हणून ही बातमी तेथील मराठी घरांनाही परकी नव्हती. तलावाला कुंपण होते. बाहेर आलेल्या माहितीनुसार फाटक उघडे राहिले होते.

२८/
येथे या इतिहासाला नवे वळण मिळते. आजवरचा सारा झगडा कुंपण कोठे आणि किती बाजूंनी, यावर झाला. येथे कुंपण असूनही अनर्थ घडला. आपोआप मिटणारे फाटक म्हणजे बिजागरीतील स्प्रिंग. ती ऊन-पावसाने सैल होते, जमीन खचली की कडी खोबणीत बसत नाही, आणि बागेला पाणी घालायचे म्हणून कोणीही फाटकाला कुंडी टेकवून ठेवू शकतो. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात फाटक बंद ठेवण्याचे आणि कुंपण सुस्थितीत राखण्याचे कर्तव्य म्हणूनच स्वतंत्रपणे सांगितले आहे. न्यूझीलंडने १९८७ सालीच देशभर कुंपणाचा कायदा केला होता. तेथे २०१६ च्या दुरुस्तीने घरगुती तलावांची दर तीन वर्षांनी तपासणी ठरवली.

२९/
तीन वर्षांनी एकदा होणारी तपासणी सर्वसाधारण घराला ठीक म्हणावी. पाळणाघरात मात्र दररोज सकाळी नवा दिवस, नवी घाई. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२४ साली घरगुती पाळणाघरांतील तलावांसाठी स्वतंत्र कायदा केला तो याच जाणिवेने. बुडण्यापासून रक्षण करणारी साधने चालू स्थितीत आहेत की नाहीत, हे चालकाने दररोज तपासायचे, हा त्याचा गाभा. १९९६ च्या कायद्याने ज्या घरांना खात्याच्या स्वाधीन करून बाजूला ठेवले होते, त्यांच्याकडे विधिमंडळ अठ्ठावीस वर्षांनी थेट वळले.

३०/
चालकांची बाजूही नोंदवली पाहिजे, कारण बातम्यांत ती क्वचित येते. या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि मिळकत बेताची आहे. जमिनीत बसवायचे कुंपण हा मोठा खर्च. भाड्याच्या घरात तर ते घरमालकाच्या संमतीविना बसवताच येत नाही. नियम कडक करताना खर्चाचा वाटा राज्याने उचलला नाही, तर काही चालक परवाना सोडून देतात आणि मुले तशीच सांभाळत राहतात. अशा घरी मग तपासणीला कोणी जातच नाही. पोर्टलंडच्या संशोधकांनी पाहिलेली बिननोंदीची व्यवस्था काही नाहीशी झालेली नाही.

३१/
परवान्याशिवाय कायदेशीर सांभाळही असतोच. कॅलिफोर्नियात स्वतःच्या मुलांखेरीज केवळ एकाच दुसऱ्या कुटुंबाची मुले सांभाळण्यास परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणून खात्याचे तलावविषयक नियम नाहीत आणि २०२४ चा कायदाही नाही. राहिला १९९६ चा कायदा. तो लागू होतो ते नवा तलाव बांधण्याचा किंवा जुन्याची पुनर्बांधणी करण्याचा परवाना काढतेवेळी. १९६० च्या दशकात सिमेंट फवारून केलेला आणि त्यानंतर हात न लावलेला तलाव परसात असेल, तर नगरपालिकेचा जो काही नियम असेल तेवढाच. तो नियमही हद्दीवरचे कुंपण पाहून समाधान मानणारा असेल, तर अशा घरात चौथ्या बाजूला आजही मागचे दारच आहे.